एचएस-सीआरपीचा आकडा वाचताना

महोदय,
'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात हल्ली एचएस-सीआरपी ही शरीरातला दाह (सूज) दाखवणारी रक्ततपासणी असते. आकड्यापुढे लाल बाण दिसला की घरात घबराट उडते, म्हणून हे पत्र.

रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरलेले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पांढऱ्या पेशी गिळतात आणि तिथे दाह सुरू होतो. त्याने तिथे साठलेल्या चरबीवरचे आवरण पातळ होऊन फाटते, गुठळी धरते. म्हणूनच जेमतेम निम्मी अडलेली वाहिनीही हृदयविकाराचा झटका देऊ शकते. या दाहाच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे प्रथिन बनवते.

लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत जोखीम कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी ताप, दातातला पू, लघवीचा संसर्ग शोधावा आणि बरे वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एककही बघा. डेसिलिटरमागे ०.३ म्हणजे लिटरमागे ३!

एलडीएल न घटवता नुसता दाह कमी करून झटके घटतात, हे २०१७ च्या कॅन्टोस या औषध-चाचणीने दाखवले. त्या औषधाने जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. गाउट या सांध्यांच्या आजारावरचे जुने, स्वस्त, दाह कमी करणारे कोल्चिसिन (रोज ०.५ मिलिग्रॅम) अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयासाठी मान्य झाले. पण मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असेल, तर ते विषारी ठरते. आपल्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असते, तेव्हा काढ्याचा प्रयोग नको. आणि यातल्या कशासाठीही स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) परस्पर बंद करू नये.

– एक वाचक, नाशिक