बाई, तो एकटा नव्हताच!

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थच्या ‘डॅफोडिल्स’ कवितेखाली आमच्या गाइडात छापलं होतं, ‘डॅफोडिल – एक प्रकारचे पिवळे फूल.’ परीक्षेपुरतं तेवढं पुरे होतं. तुम्ही मात्र गाइडं मिटायला लावलीत आणि खिडकीबाहेर बोट दाखवलंत. गणपती नुकतेच गेले होते, समोरचा उतार सोनकीनं पिवळाधमक झाला होता. “तिथं तळ्याकाठी, एप्रिलात. बाकी असंच समजा,” म्हणालात.

मग पर्समधून घडी घातलेला कागद काढलात. डोरोथीच्या रोजनिशीतलं एक पान, तुमच्या अक्षरात उतरवलेलं. १५ एप्रिल १८०२. वर्ड्‌स्वर्थ आणि ही त्याची बहीण, इंग्लंडातल्या अल्सवॉटर तळ्याच्या काठानं पायी घरी निघालेले, वारा भन्नाट. काही फुलं शेवाळलेल्या दगडांवर, उशीवर टेकावं तशी मान टाकून दमलेली. बाकीची झुलतायत, झोकांड्या खातायत, नाचतायत. म्हणजे नाच आधी तिच्या वहीत. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी. शेवटच्या कडव्यातल्या त्या ‘अंतर्चक्षू’च्या दोन ओळी तर बायकोच्या, मेरीच्या. त्यानं स्वतःच तसं सांगून ठेवलंय, हे त्याचं मोठेपण. “पण पहिल्या ओळीत बघा, स्वारी एकटीच भटकतेय!” तुम्ही म्हणालात आणि आधी मुलींचे बाक हसले.

१८०७ मध्ये कविता छापून आली तेव्हा त्या संग्रहाची टीकाकारांनी टरच उडवली. १९९५ मध्ये बीबीसीनं वाचकांची आवडती कविता विचारली, तेव्हा ती पाचवी आली. पहिली किपलिंगची, आपल्या मुंबईत जन्मलेल्या. खरं सांगू? सक्तीच्या पाठांतरानं ही कविता माझ्या डोक्यात जायची. तुमच्या त्या कागदामुळे तगली.

यंदा एप्रिलात आम्ही दोघं त्याच अल्सवॉटरच्या काठी, ग्लेनकॉइनला गेलो. रानटी डॅफोडिल बागेतल्यासारखं ठसठशीत नसतं. बुटकं, बाहेरच्या पाकळ्या फिकट. पायवाटेवर एक आजोबा नातीला कविता म्हणून दाखवत होते, तिसऱ्या कडव्यात अडखळले. ते कडवं वर्ड्‌स्वर्थनं १८१५ च्या आवृत्तीत टिकवलं, वाढवलं ते दुसरं, ताऱ्यांचं. हेही तुमच्याकडूनच कळलेलं, पण आजोबांना कशाला सांगा!

मी फोटोत गुंतलो होतो. बायकोनं बाही ओढली. दगडावर मान टेकलेलं एक फूल. मला दिसलंच नव्हतं, बाई. तिलाच आधी दिसलं.

आपला विद्यार्थी,
दहावी अ, शेवटून दुसरा बाक