हार्ड डिस्क गेली म्हणण्याआधी केबल बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असली कामं. पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि जुन्या मराठी फाँटमध्ये वीस वर्षांच्या फायली पडल्यात, नव्या मशीनवर उघडल्या की जोडाक्षरं तुटतात, म्हणून विंडोज एक्सपीवाला जुना डेस्कटॉप अजून सांभाळून ठेवलाय. असे पीसी आमच्या लाइनमधल्या पुष्कळ जणांकडे आहेत, म्हणून हे पत्र.

लग्नसराईच्या तोंडावर मशीन अडकायला लागलं. फाइल सेव्ह करायला घेतली की मिनिटभर सगळं गप्प, मग परत चालू, आणि एक दिवस काळ्या स्क्रीनवर डिस्क बूट फेल्युअर, म्हणजे सुरू व्हायला मशीनला डिस्कच सापडेना. बंद करून लावलं की कधी सुरू व्हायचं कधी नाही, एकदा तर टेबल सरकवलं आणि सुरू झालं, तेव्हाच खरं डोक्यात यायला पाहिजे होतं पण आपल्याला कुठं त्यातलं कळतं. दुकानात नेलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की हार्ड डिस्क गेली, नवीन टाका आणि डाटा काढायचे बारा हजार वेगळे. रात्रभर झोप नाही हो, गिऱ्हाइकांच्या पत्रिका त्यात अडकलेल्या.

भाचा पुण्याला डिप्लोमा करतो, तो रविवारी आला. त्यानं आधी वीज बंद करून मागची वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला (अंगातली स्टॅटिक जाते म्हणे) आणि डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत (आतल्या मुख्य सर्किटपर्यंत) जाणारी लाल साटा केबल दाखवली. बाजूच्या पत्र्यानं दाबून ती काटकोनात मोडलेली, आणि टोकाला लोखंडी क्लिपच नाही. सुरुवातीच्या साटा केबलींना क्लिप नसायची, हादऱ्यानं त्या हळूहळू सैल होतात. क्लिपवाली नवी केबल ऐंशी रुपयाला आणली, मदरबोर्डवर शेजारच्या पोर्टात लावली, पॉवरची पिनसुद्धा दुसरी जोडली, आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू. मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्या.

मग त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात डिस्क स्वतःच स्वतःची नोंद ठेवते ती दिसते, स्मार्ट म्हणतात त्याला. तिथं सी७ नंबरची ओळ म्हणजे सीआरसी एरर, डाटा वाटेत बिघडला तर हा आकडा वाढतो आणि बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा जोडणीचा असतो. ०५ आणि सी५ या ओळींत आकडा असेल तर मात्र डिस्कचा पृष्ठभागच खराब व्हायला लागलाय. माझ्या डिस्कला या दोन्ही ओळी शून्य होत्या आणि सी७ फुगलेला. केबल बदलली तरी तो आकडा मागे जात नाही, घाबरायचं नाही, फक्त पुढे वाढतोय का ते बघायचं. माझा तीन महिन्यांत एकानंही वाढलेला नाही.

आणि एक, सीआरसीच्या चुका साठत गेल्या की एक्सपी आपणहून डिस्कला पीआयओ या संथ मोडवर टाकतं, जुन्या चपट्या पट्टीच्या आयडीई केबलवाल्या मशीनला हे फार होतं, लोक म्हणतात व्हायरस आला आणि फॉरमॅट मारतात, सगळं जातं. त्या पट्टीत ४० तारांची आणि ८० तारांची असे दोन प्रकार येतात, दिसायला पिना सारख्याच, पण वेगवान डिस्कला ८० वालीच लागते आणि लांबी १८ इंचांच्या आत. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर म्हणजे मुख्य डिस्कला, मधलं करडं स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या डिस्कला, आणि लाल कडा एक नंबरच्या पिनेकडे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र केबलीशी खेळत बसू नका, लगेच बंद करा आणि जाणकाराकडेच न्या.

माझं म्हणणं दुरुस्तीवाल्यांना आहे, सगळेच तसे नसतात हे मलाही माहितीय. डिस्क गेली असं सांगायच्या आधी गिऱ्हाइकासमोर दुसरी केबल लावून बघा, स्मार्टचा तो स्क्रीन दाखवा, आणि काढलेला जुना पार्ट परत हातात द्या. पाच मिनिटांचं काम आहे. शाळांच्या लॅबमध्ये डिस्क खराब अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवलेली मशीन भंगारात द्यायच्या आधी तिथल्या सरांनी-मॅडमनीही एकदा केबल बदलून बघावी, पोरांना घेऊन केलं तर अजूनच चांगलं.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, बार्शी