अप्पा, तारीख घेऊन टाकलीय

ती. अप्पा आणि आई,
सा. न.

अप्पा, नाकातल्या गाठीच्या ऑपरेशनचं जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर बघू म्हणाला होतात. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलीच तारीख घेऊन टाकली, पुण्यात. सोलापुरात डॉक्टर नाहीत का, म्हणाल. आहेत की. पण मला एवढी रजा मिळत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना दवाखान्याच्या खेपा झेपायच्या नाहीत. जत्रेचे नंदीध्वज निघतील तेव्हा तुम्ही घरी असाल.

उन्हानं घोळणा फुटतो, असं दोन उन्हाळे आपण म्हणत राहिलो. मीही म्हटलं. दर वेळी डावीच नाकपुडी, चोंदलेलीही तीच, हे दिवाळीत अभ्रा दिसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. आई, तू तो दोरीवर उलटा वाळत घातला होतास. चहाचा डाग म्हणालीस. अप्पा अंथरुणात कधीपासून चहा प्यायला लागले?

आई, मोबाईलवर वाचून घाबरलीस ती अँजिओफायब्रोमाची गाठ वयात येणाऱ्या मुलग्यांना होते. तिच्यात बऱ्याचदा आधी जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी बंद करतात. अप्पांची हेमँजिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची गाठ, नाकाच्या पडद्यावरची, करवंदाएवढी. भळाभळा वाहील म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम तुकडा काढला नाही. भूल देऊन, दुर्बिणीतून, मुळाजवळच्या थोड्या अस्तरासकट काढणार. मूळ राहिलं तर परत वाढते. चेहऱ्यावर टाका नाही. स्कॅनमध्ये हाड शाबूत आहे, साधीच वाटते म्हणाले. काढल्यावर तपासायला पाठवतीलच.

नंतर नाकात बोळा असेल, एक-दोन दिवस तोंडानं श्वास घ्यायचा. खिडकीजवळचा पलंग तुमचा, दोन उशा, अंगावर तुमच्याच मागावरची चादर. कडक भाकरी ताकात कुस्करून देईन. शेंगाचटणी मात्र थोडे दिवस नाही.

तपकिरीची डबी सोलापुरातच ठेवायची. गाठ तिनं झाली असं कुणी म्हटलेलं नाही, पण आणायची नाही. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करायची नाही, मी डॉक्टरांना विचारून सांगते. तोवर घोळणा फुटलाच तर पुढं वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. तिसरीत माझा फुटला तेव्हा सायकलच्या दांडीवर बसवून, डोक्यावर ओला पंचा ठेवून, माझी मान मागं धरली होतीत. रक्त सगळं घशात गेलं. तरी मी रडले नव्हते, तुमचा हात होता ना.

मी आदल्या रात्री येते, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसची तीन तिकिटं काढलीत. आई, यापुढं डाग दिसला तर अभ्रा नंतर धू, आधी फोन कर.

तुमची,
चिमी