दोन साखर कारखान्यांमधल्या हवाई अंतराची अट काढा

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक. माझी भाजी कोल्हापुरात विकावी की पुण्याला पाठवावी, हे मीच ठरवतो. उसाचे तसे नाही. तुटलेला ऊस ताबडतोब गाळपाला गेला नाही तर वजन घटते, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण घसरते. म्हणजे जवळपासचे कारखाने हेच आमचे गिऱ्हाईक. आणि नेमकी त्यांचीच संख्या सरकारने बांधून ठेवली आहे. दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर हवे, असे केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; आपल्या राज्याने ते २५ केले.

झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली तेव्हा ऊस कुठेही घालायची मोकळीक मिळाली. पण नवा गिऱ्हाईक उभाच राहू द्यायचा नसेल, तर त्या मोकळिकीचे करायचे काय? तोडणीची टोळी कारखान्याची, काटा कारखान्याचा, उतारा काढणारी प्रयोगशाळाही त्याचीच. वजन पटले नाही, टोळीने खुशाली म्हणून वरचे पैसे मागितले, १४ दिवसांत बिल जमा झाले नाही, तरी पुढच्या हंगामाची नोंद तिथेच करावी लागते.

आमच्या जिल्ह्यात कारखाने दाट आहेत आणि दरही बरा मिळतो. चांगला उतारा हे त्याचे एक कारण आहेच. पण शेजारच्या कारखान्याने पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, वाढवली की आपल्यालाही वाढवावी लागते, हेही तितकेच खरे. जिथे एकच धुराडे दिसते तिथल्या शेतकऱ्याला ही सोय का नको?

साखर उद्योगावरची बंधने तपासायला केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ साली अंतराची ही अट काढण्याची शिफारस केली होती. केंद्राने २०१३ मध्ये लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायची साखर, बंद केली, अंतराचा निर्णय मात्र राज्यांवर सोपवला. तेव्हा निदान २५ किलोमीटरचा निर्णय तरी दिल्लीचा नाही, आपलाच आहे.

कारखाने वाढले तर उसाअभावी जुने आजारी पडतील, असे आपले अधिकारी सांगतील. काही पडतीलही. पण गाळपक्षमता किती वाढवायची याचा हिशेब ज्याने त्याने स्वतःच्या पैशावर करावा. तोट्यातल्या कारखान्याच्या कर्जाला सरकारी थकहमी (फेडले नाही तर सरकार भरेल अशी हमी) द्यायची आणि नव्याला दार बंद करायचे, यात जुन्या संचालकांची खुर्ची टिकते आणि भार करदात्यावर व ऊसवाल्यावर पडतो.

एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, आजच रद्द करा, असे मी म्हणत नाही. गिऱ्हाईक मोजकेच ठेवून वरचा आधारही काढला तर शेतकरी उघडा पडेल. आधी खरेदीदार वाढू द्या, मग सरकारने दर ठरवावा की नाही यावर बोलू.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या आणि कोल्हापुरी गुळाची पेठ उभी राहिली. राजाने गिऱ्हाईक आणले होते. गुऱ्हाळांना आजही अंतराची अट नाही.

येत्या गाळप हंगामाआधी ही अट रद्द करावी आणि नव्या थकहमी बंद कराव्यात, ही विनंती.

आपला,
करवीर तालुक्यातील एक ऊस उत्पादक