पोस्ट बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा वाडीत येऊन बघा

मा. संपादक,

हल्ली कोणीही उठतं आणि म्हणतं, आता पत्रं लिहितंय कोण, पोस्ट ऑफिसं कशाला पोसायची. बोलणारे बहुतेक शहरातले. मुंबईच्या मनीऑर्डरवर आमच्या कोकणात घरं चालायची हे सगळ्यांना माहितीये, पण पोस्टाचं काम तिथेच संपलं असं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय.

श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे पैसे आता थेट खात्यात येतात, छान झालं, पण बँक तालुक्याला. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे हो, पण फाट्यापर्यंत डोंगर उतरायचा कोणी? २०१८ साली पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली, आणि आता खातं कुठल्याही बँकेत असू दे, आधारला लिंक असलं की पोस्टमन अंगठा घेऊन पैसे हातात देतो, तेही पडवीत. आता भातलावणी करून करून म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले, मशीनवर उठतच नाहीत, मग हात धुवून या, पदराला पुसा, दुसरं बोट लावा असं चालतं आणि बोट जुळलं की नेमकी रेंज जाते. की मग आजी आणि पोस्टमन दोघं वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, मशीन आभाळाकडे धरून उभे!

हे करणारा माणूस म्हणजे ग्रामीण डाक सेवक. कागदावर ड्युटी चार-पाच तास, खात्यातल्या कायम नोकरांसारखी पेन्शन नाही, आणि कित्येक ठिकाणी तर ब्रँच पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरच्या स्वतःच्या घरातली खोली. सुकन्याचे हप्ते, आरडी, विमा, नोकरीचं कॉल लेटर, कोर्टाची नोटीस, सगळं त्याच खोलीतून, आणि पावसात पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं तरी टपाल पोचवायचंच.

देशातली ९० टक्क्यांच्या आसपास पोस्टं खेड्यात आहेत. त्यांचा धंदा किती हे मोजताना आजीचा तालुक्याचा हेलपाटा वाचला तो कुठे धरतात कोण जाणे. २०२५ च्या ऑक्टोबरात रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात घातलं, ते एक वेळ चालेल, पण ब्रँच उचलून दुसऱ्या गावाला जोडली तर आमचं काय? आधी रेंज द्या, डाक सेवकांना पूर्ण वेळ करा. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, एखादी आरडी गावच्या पोस्टात काढा की, खाती दिसली तर ब्रँचला हात लावताना वरचे जरा विचार करतील.

– एक वाचक, राजापूर तालुका