ते कर्णे निकामी नाहीत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर बंद पडलेल्या एका टॉकीजचं सामान भंगारात निघाल्याची बातमी फोटोसकट आली. फोटोत खुर्च्यांचे सांगाडे होते, पत्र्याचं कपाट होतं आणि कपाटाला टेकून ठेवलेला, मधाच्या पोळ्यासारखी घरं असलेला काळा कर्णा होता. खाली छापलं होतं, 'निकामी स्पीकर'. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

अमळनेरला माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. १९८६ साली टाकलं. त्याआधी चार वर्षं एका टॉकीजच्या ऑपरेटर रूममध्ये हाताखाली होतो. दर सोमवारी पडद्यामागे जाऊन कर्ण्यांवरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे असे. तेव्हापासून आजवर टॉकीजचे वीस-बावीस कर्णे माझ्या हाताखालून गेले. 'आवाज गेला', 'फाटतो', 'कानात टोचतो' अशा तक्रारी घेऊनच ते आले. त्यांतली युनिटं, म्हणजे कर्ण्यामागे बसून आवाज काढणारे भाग, खरोखर मेलेली निघाली ती फक्त तीन. बाकी सगळ्यांचं दुखणं कर्ण्यात नव्हतंच, मागच्या लहानशा डब्यात होतं. त्या डब्याला कोणी नेटवर्क म्हणतं, कोणी क्रॉसओव्हर. भंगारात तो डबा सगळ्यात आधी फुटतो, कारण आत तांब्याच्या कॉइल असतात.

या वस्तूंचा इतिहास थोडा सांगतो. कर्ण्याच्या मागे जे युनिट बसतं, त्या जातीचं टॉकीजसाठीचं पहिलं नावाजलेलं युनिट अमेरिकेत बेल लॅबच्या वेंट आणि थुरास यांनी १९२६च्या सुमारास केलं. बोलपट त्याच्याच जोरावर उभा राहिला. पुढे आल्टेक लॅन्सिंग कंपनीने 'व्हॉइस ऑफ द थिएटर' नावाची स्पीकरची मालिका काढली, ती १९४५ साली. त्याच वर्षी आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, जी पुढे विप्रो झाली. तेव्हाचे अँप्लिफायर व्हॉल्व्हचे, ताकद थोडी. एवढ्याशा ताकदीत हजार माणसांना संवाद ऐकवायचा, म्हणून कर्णा. चांगला कर्णा एका वॅटवर, एका मीटर अंतराला शंभर डेसिबलच्या पुढे जातो. घरातल्या साध्या स्पीकरला तेवढंच बोलायला दहा-वीस पट ताकद द्यावी लागते. असं यंत्र आज किलोवर जातं.

आता माझ्याकडच्या जोडीचं सांगतो. चार वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या वखारीत दोन मोठ्या पेट्या दिसल्या. खाली पंधरा इंची वूफर, म्हणजे भारी आवाजाचा स्पीकर, वर कर्णा. कंपनीची पाटी कोणीतरी आधीच उचकटून नेलेली. मी थांबलो तसा तो म्हणाला, "आते याले कोन पुसस, नाना?" वजनाच्या भावानेच दिल्या त्याने. माझं नशीब एवढंच की दोन्ही डबे अजून पेट्यांच्या मागे स्क्रूने बसलेले होते.

घरी आणून लावल्या तर एका पेटीचा आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा, दुसरीचा पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. दोन्हींची युनिटं उघडून पाहिली, डायफ्रॅम, म्हणजे कंप पावून आवाज काढणारा आतला पातळ पडदा, शाबूत. मग डबे उघडले. खानदेशातला मे महिना आपल्याला माहीत आहे. पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या छपराखाली, पडद्यामागे वारा नसलेल्या जागेत हे डबे तीस-चाळीस वर्षं राहिले. कंडेन्सरांतलं मेण वितळून खाली आलं होतं आणि डब्याच्या तळाला पिवळट पापुद्रा धरून बसलं होतं. त्यात दोन मेलेल्या मुंग्या अडकलेल्या. कंडेन्सरवर नऊ एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड, लिहिलेलं. मीटर लावला तर एक बारा पॉइंट चार दाखवतो, दुसरा आठ पॉइंट एक. जुना कागदी कंडेन्सर गळायला लागला की मीटरवर जास्त दाखवतो. नवखा मेकॅनिक त्याला 'भरपूर आहे, चांगला आहे' म्हणतो आणि तिथेच फसतो.

तांत्रिक माहिती नसलेल्या वाचकांसाठी एवढं सांगतो की क्रॉसओव्हरचं काम वाटणी करण्याचं. भारी आवाज वूफरकडे, बारीक आवाज कर्ण्याकडे. माझ्या पेट्यांत ही वाटणी ८०० सायकलवर (आजच्या भाषेत हर्ट्झ) होती आणि सोळा ओहमला तिथे नऊच्या आसपासच कंडेन्सर लागतो. एक कर्ण्याच्या वाटेत, एक वूफरला आडवा. वाटेतला कंडेन्सर गळका झाला की भारी आवाज कर्ण्याच्या युनिटात घुसतो आणि त्यातला कागदासारखा पातळ डायफ्रॅम ठोकरून फुटतो. पुढे लोक म्हणतात, कर्णा खराब होता.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. १९९१ साली एका टॉकीजमध्ये संध्याकाळच्या खेळाच्या वेळी नेटवर्क बंद पडलं. मी घाईत अँप्लिफायरची वायर थेट युनिटला जोडली. पंधरा मिनिटं आवाज छान आला, मग गाण्यातला ढोल वाजला आणि डायफ्रॅम तुटला. मालक मला काही बोलले नाहीत. तो तुटलेला डायफ्रॅम त्यांनी बरेच दिवस टेबलावर ठेवला होता. त्यानंतर कंडेन्सरशिवाय मी एकही युनिट कधी वाजवलं नाही, तपासायलासुद्धा नाही.

नवे कंडेन्सर कुठून आणायचे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. परदेशी कंपन्यांचे महागडे मिळतात, त्यांना माझा विरोध नाही. पण आपल्या बाजारात पंख्याचा कंडेन्सर मिळतो, ४४० व्होल्टचा, अडीच किंवा चार मायक्रोफॅरडचा. आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, म्हणजे स्पीकरच्या कामाला जो पदार्थ चांगला मानतात तोच. चार-चारचे दोन समांतर जोडले, वर एक मायक्रोफॅरडचा लहान फिल्मवाला लावला, झाले नऊ. मी प्रत्येक नग मीटरवर मोजून जोड्या लावल्या, दोन्ही पेट्यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक ठेवला नाही. शेतकरी बांधवांना सिंगल फेज मोटरीमुळे हे लवकर समजेल. रनिंगचा कंडेन्सर चालेल, स्टार्टिंगचा अजिबात नाही. स्टार्टिंगचा इलेक्ट्रोलिटिक असतो, काही सेकंदांच्या कामाचा. तो डब्यात घालून 'नवं नेटवर्क' म्हणून दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कॉइल मात्र बदलू नयेत. तांबं म्हातारं होत नाही. सांधे उकलून पुन्हा डाग द्यावा, बस्स.

कंडेन्सर बदलल्यावर पहिल्या दिवशी आवाज जरा तिखट वाटला. त्याचं कारण आहे. जुन्या कंडेन्सरांत आतल्या आत अडथळा वाढलेला असतो, तो बारीक आवाज खाऊन टाकतो. नवा खात नाही. म्हणून कर्ण्याच्या वाटेत एक ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर टाकून पाहिला, मग दीड ओहमचा. दीडवर बसलं. इथे घाई केली तर आवाज तिखट झाला म्हणून माणूस नवे काढून फेकतो आणि जुने परत लावतो.

आता ट्विटरचं, म्हणजे अगदी बारीक आवाजाच्या लहान स्पीकरचं. आमच्या भागात हल्ली जुन्या पेटीवर दोन-चार पिझो ट्विटर ठोकून देण्याची पद्धत पडली आहे. स्वस्त असतात, क्रॉसओव्हर नसला तरी वाजतात, म्हणून मंडपवाल्यांना सोयीचे. पण त्यांचा आवाज एका ठरावीक पट्टीत किंचाळतो. लग्नात डोकं दुखतं ते बऱ्याचदा त्यानेच आणि शिव्या पडतात कर्ण्याला. दुसरी चूक म्हणजे घरगुती संचातला डोमचा ट्विटर काढून कर्ण्यावर बसवणं. कर्णा जर १०५ डेसिबलचा आणि डोम नव्वदचा, तर बरोबरीला यायला डोमला तीसपट ताकद लागते. बिचारा जळून जातो. कर्ण्याला कर्ण्याचाच ट्विटर हवा, लहान तोंडाचा.

टॉकीजची जुनी युनिटं दहा-बारा हजार सायकलच्या वर दमतात, म्हणून वर ट्विटर दिला तर फायदाच होतो. मी आठ ओहमचा हॉर्न ट्विटर घेतला आणि त्याच्या वाटेत पंख्याचा अडीचचा कंडेन्सर टाकला. हिशोब केला तर आठ ओहम आणि अडीच मायक्रोफॅरड म्हणजे बरोबर आठ हजार सायकल येतात. सोळा ओहमच्या ट्विटरला तोच कंडेन्सर चार हजारावर नेऊन ठेवील, म्हणून आधी ओहम पाहावेत. सोबत आवाज कमी-जास्त करायचा एल-पॅड बसवला. ट्विटर पेटीला स्क्रूने पक्का केला नाही, नुसता वर ठेवला. कारण आठ हजाराच्या सुराची लाट जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरची असते. ट्विटर दोन सेंटिमीटर पुढे-मागे झाला की दोघांच्या लाटा एकमेकींना खातात. मी दोन संध्याकाळ तो बोटाने सरकवत बसलो होतो.

ऐकायला मी सिनेमाचं गाणं लावत नाही. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग आहे, त्यात टाळ आहेत. ट्विटरची परीक्षा टाळासारखी कोणी घेत नाही. टाळ वाजला की आधी धातूचा ठोका, मग त्याची कंप पावत विरत जाणारी शेपटी ऐकू आली पाहिजे. ट्विटर चुकीचा असला तर ताट फरशीवर पडल्यासारखं वाटतं, शेपटी येतच नाही. आणि युनिटच्या दोन वायरी उलट-सुलट करून पाहणं विसरू नये. या जातीच्या नेटवर्कमध्ये एक वायर उलटी जोडावी लागते, नाहीतर वाटणीच्या जागीच खड्डा पडतो आणि बुवांचा आवाज छातीतून न येता नुसता नाकातून येतो.

जोडी लागल्यावर आमचे जुने ऑपरेटर अप्पा यांना बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे, कानाला थोडं कमी. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. बुवांचं निरूपण सुरू झालं तसं म्हणाले, "हां. आते माणूस बोली राहिना." म्हणजे, आता माणूस बोलतोय. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मागच्या वैशाखात ही जोडी मी सप्ताहाला दिली. अँप्लिफायर साधा पन्नास वॅटचा, तोही निम्म्यावर. मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या बायाबापड्यांना शब्द न् शब्द कळला आणि जवळच्या कोणी कानावर हात ठेवले नाहीत. रात्री दहाला बंद, नियम पाळूनच.

ज्यांच्या वाड्यात, गोदामात, बंद टॉकीजमध्ये असे कर्णे पडले आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे. विकायचे तर विका, पण डबा कर्ण्यापासून वेगळा करू नका आणि दोन्ही पेट्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना देऊ नका. युनिटातलं चुंबक सोडवू नका. ते बहुधा अल्निको नावाच्या मिश्रधातूचं असतं. त्याची जोडणी सुटली की ताकद उतरते आणि पुन्हा चुंबकीकरण करणारा आपल्याकडे मिळणं मुश्कील. डायफ्रॅमच्या फटीत लोखंडी कीस अडकला असेल तर पातळ पुठ्ठ्यावर चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीतून हळूच फिरवावी, कीस निघून येतो. फुंकर मारू नये, तो आणखी आत जातो.

आणि त्या बातमीतल्या टॉकीजच्या मालकांना विनंती. फोटोत कर्ण्याच्या डाव्या बाजूला, कपाटाच्या पायाशी, एक राखाडी डबा दिसतो. वरून दोन जाड वायरी तुटलेल्या आहेत. तेच त्याचं नेटवर्क असावं. वखारीत गाडी लागण्याआधी तो डबा कर्ण्याला सुतळीने बांधून ठेवा. आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे. निरोप आला तर मी मीटर घेऊन स्वतः येईन, पैसे घेणार नाही. तपासून जे निघेल ते मालकांना लिहून देईन, मग विकायचं की ठेवायचं ते त्यांनी ठरवावं.

आपला नम्र,
एक रेडिओ मेकॅनिक,
अमळनेर, जि. जळगाव