पीजेची स्थानके पुठ्ठ्यात तरी उरावीत

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छंदांविषयी जो लेख आला, त्यात छोट्या रेल्वेचा, म्हणजे घरात रूळ मांडून चालवायच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा, विषय ‘श्रीमंतांचा परदेशी नाद’ एवढ्या शब्दांत उरकला आहे. यातले निम्मे मला मान्य आहे. इंजिने आणि रूळ बाहेरून मागवावे लागतात, आणि निवृत्तिवेतनावर राहणाऱ्याला त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. परंतु रुळांच्या कडेला जे जे उभे असते, म्हणजे स्थानकाची इमारत, मालधक्का, फाटकाजवळची गेटमनची खोली, पाण्याची टाकी, ते सगळे घरच्या घरी पुठ्ठ्यातून करता येते आणि त्याला लागणारा पैसा वह्यांच्या दुकानात मावतो. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालो, पाचोऱ्यात राहतो आणि गेली काही वर्षे पाचोरा-जामनेर या अरुंद (नॅरोगेज) रेल्वेमार्गाची, म्हणजे आमच्या ‘पीजे’ची, स्थानके अशीच करतो आहे. त्या अधिकारात हे पत्र लिहीत आहे; पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

परदेशी इमारतींचे तयार संच मिळतात. जर्मनीच्या फॅलर कंपनीचे संच तर फार सुबक असतात, त्यांच्या कामात खोट काढायला जागा नाही. पण ती घरे त्यांच्या मुलखातली आहेत. भिंतीत लाकडी सांगाडा दिसतो आणि बर्फ घसरून पडावे म्हणून छप्पर उभट असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बर्फ दिसते ते रसवंतीवरच. अशा घरांच्या ओळीपुढून आपली गाडी धावू लागली की ती गाडीही आपली वाटेनाशी होते. खानदेशातल्या रुळांकाठी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे हवीत, जिनिंग-प्रेसिंगचे धुराडे आणि कापसाच्या गाठी हव्यात, रावेर-सावद्याकडचा केळी भरायचा धक्का हवा. यांपैकी काहीही कोणत्याही संचात मिळत नाही. तेव्हा ते हाताने करणे ही आमच्यापुरती काटकसर नव्हे, दुसरा मार्गच नाही.

आता थोडे गणित सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. जगभर सर्वांत जास्त चालते ते एचओ नावाचे प्रमाण. त्यात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान होते; सोप्या भाषेत, साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट. सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिलिमीटरचा होतो, साठ फूट लांबीची इमारत एकवीस सेंटिमीटरची. फूटपट्टी हाताळणाऱ्या कोणालाही हे जमते. अडचण रुळांत येते. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे दोन रुळांत तेवढे अंतर असलेले, मिळतात, ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाला धरून केलेले असतात. आपला रुंदमार्ग (ब्रॉडगेज) १,६७६ मिलिमीटरचा, त्याचे ८७ पटींनी लहान केलेले माप १९ मिलिमीटरच्या वर जाते. त्यामुळे भुसावळ-चाळीसगावचा मुख्य मार्ग मांडायला बसलेला माणूस रुळांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून तडजोड करत असतो.

आमच्या पाचोरा-जामनेर मार्गाचे मात्र नशीब निराळे. पीजेचा मार्ग ७६२ मिलिमीटरचा. ८७ ने भागले की ८.७६ मिलिमीटर येतात, आणि एन नावाच्या लहान प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ जगभर सहज मिळतात. प्रत्यक्षात धरले तर एका इंचाहूनही कमी फरक! मोठ्या मार्गांवाल्यांना जे साधत नाही ते आमच्या छोट्या गाडीला आपोआप साधून गेले आहे. शिवाय तिची स्थानके लहान आणि डबे मोजके. मुख्य मार्गावरची चोवीस डब्यांची गाडी उभी राहील असा फलाट एचओमध्ये मांडायचा तर सहा मीटरहून लांब खोली लागते. म्हणून तिथे फलाट आखडावा लागतो, सात कमानींच्या पाच कराव्या लागतात. (कमानी कमी कराव्यात, पण दरवाजाची उंची कधीही कमी करू नये, माणूस उभा केला की ती चोरी लगेच उघडी पडते.) पीजेचे वरखेडी, शेंदुर्णी किंवा पहूर यांच्यासारखे स्थानक मात्र पलंगाएवढ्या फळीवर, काहीही न आखडता, अख्खे बसवण्याचा विचार करता येतो.

या मार्गावरची गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झालेली नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मार्ग रुंद व्हावा ही इथल्या लोकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. जामनेरच्या माणसाने केवळ माझ्यासारख्यांच्या हौसेसाठी छोट्या गाडीत बसून राहावे असे मी म्हणणार नाही. पण रुंदीकरणात जुनी बांधकामे किती उरतील याचा भरवसा कोणी देत नाही. ती पडायच्या आत मोजली गेली पाहिजेत, आणि मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

मोजणीची माझी पद्धत सांगतो. पाच फुटांची एक काठी घ्यावी, एकेक फुटावर काळा-पांढरा पट्टा रंगवावा, ती भिंतीला टेकवून ठेवावी आणि समोर, शक्य तितके लांब उभे राहून, कॅमेरा आडवा-तिडवा न होऊ देता छायाचित्र घ्यावे. जवळून वर मान करून काढलेल्या छायाचित्रात भिंत वर निमुळती होते आणि माप फसते. जिथे काठी नेता येत नाही तिथे बांधकामच आपले माप सांगते. जुन्या विटकामात साधारणपणे चार थरांना एक फूट भरतो. चौकोनी पोलादी पत्रे जोडून केलेल्या ज्या पाणीटाक्या रेल्वेच्या आवारात दिसतात, त्यांचा एकेक पत्रा चार फुटी असतो. पत्रे मोजले की टाकीची लांबी, रुंदी, उंची खाली उभ्या उभ्या कळते. आधी रीतसर विचारून घ्यावे हे मात्र खरे. एका स्थानकावर मी फीत लावून दरवाजा मोजत असताना एका सुरक्षा कर्मचाऱ्याने मला तासभर बसवून ठेवले होते. वहीतले आकडे पाहून त्याचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. शेवटी पिशवीतून पुठ्ठ्याचे अर्धवट स्थानक काढून दाखवले, तेव्हा त्याने ते हातात घेतले, फिरवून पाहिले आणि इथला नळ राहिला आहे असे सांगितले. नळ खरोखरच राहिला होता.

भिंतीसाठी मी चित्रांच्या चौकटीत वापरतात तो जाड माउंट बोर्ड घेतो. आपल्या भागातले जुने दगडी काम काळ्या पाषाणाचे. त्याचे थर शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून दाबत कोरायचे आणि उभे सांधे हाताने, थोडे मागे-पुढे द्यायचे. तेही पट्टीने दिले तर भिंत वहीच्या कागदासारखी दिसते. रंगाच्या बाबतीत मी प्रारंभी चुकलो. पाषाण काळा म्हणून काळा रंग दिला आणि इमारत कोळशाच्या ढिगासारखी दिसू लागली. लहान वस्तूवर रंग मूळच्याहून गडद भासतो, म्हणून काळ्यात पांढरा आणि किंचित निळा-तपकिरी मिसळून राखाडी करावा. तो वाळला की पांढरा पोस्टर रंग पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे फिरवावा आणि फडक्याने पुसून घ्यावा. कोरलेल्या रेषांत जो राहतो त्या झाल्या दगडांमधल्या चुन्याच्या दरजा. एक-दोन दगड मुद्दाम वेगळ्या छटेचे ठेवावेत. पानाच्या पिचकाऱ्या दाखवायच्या की नाही हा ज्याच्या त्याच्या सद्‌भिरुचीचा प्रश्न. मी कोपऱ्यात एक दाखवली आहे.

छप्पर हे सगळ्यांत किचकट आणि माझ्या मते सगळ्यांत सुखाचे काम. मंगळुरी कौलांना एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले बसतात. म्हणजे साठ फुटी इमारतीवर ती दोन हजारांच्या वर जातात आणि एकेक कौल कापायला बसणाऱ्याचे उरलेले आयुष्य त्यातच जाईल. त्याऐवजी पुठ्ठ्यावर अडीच मिलिमीटरच्या अंतराने जाड दोरा गुंडाळून चिकटवावा आणि त्यावर चित्रकलेचा ओलसर कागद ठेवून बोटाने दाबत जावे. कागदावर पन्हळी उठतात. वाळल्यावर चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून वळचणीपासून वर, एकीवर दुसरी किंचित चढवत, चिकटवाव्यात. रंग गेरूचा, पण एकसारखा नको, कारण खऱ्या छपरावर दर पावसाळ्यापूर्वी दोन-चार कौले बदललेली असतात आणि ती उठून दिसतात. पत्र्याच्या छपरासाठी स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद बारीक फणीवर दाबला की झाले. फणी मात्र स्वतःची घ्यावी.

इथल्या हवेचा एक धोका सांगायलाच हवा. माझी पहिली इमारत मी एका मे महिन्यात पूर्ण केली आणि आठ दिवसांत तिच्या लांब भिंती होडीसारख्या वळल्या. चिकटवायचा पांढरा गोंद पाण्याचा असतो. तो पुठ्ठ्याच्या एका अंगाला लागला आणि आमच्या कोरड्या उन्हात झपाट्याने सुकला की ते अंग आक्रसते. तेव्हापासून मी गोंद पातळ लावतो, जितके थर बाहेरून तितकेच आतून देतो, आत आडव्या काड्यांचा सांगाडा बसवतो आणि शेवटी दोन्ही बाजूंनी चपडीचे, म्हणजे लाखेच्या रोगणाचे, पातळ हात देतो. सुकताना वर जाडजूड शब्दकोश ठेवतो. पावसाळ्यात हेच उलटे होते, पुठ्ठा ओल धरतो. पण चपडी दिलेली भिंत दोन्ही ऋतूंना पुरून उरते.

धाब्याच्या घराला यातले फारसे काही लागत नाही. भिंतींवर गोंद फासून वस्त्रगाळ माती भुरभुरवायची, धाब्यावरही तीच, कडेने तुळयांची टोके म्हणून काडेपेटीच्या काड्या. माती आपल्याच शेतातली असल्यामुळे रंग जुळवण्याचा प्रश्न येत नाही.

आणखी एक चूक कबूल करतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची टळेल. फलाटावर उभी करायला मी जी माणसे मागवली ती एचओची नव्हती, ओओ या इंग्रजी प्रमाणाची होती, ज्यात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने काय होणार, असे मला वाटले होते. स्टेशनमास्तर दारात उभे केले, तर त्यांची टोपी चौकटीला लागली. मग त्यांना बाकावर बसवून टाकले. बसलेल्या माणसाची उंची कोणी मोजत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक वाचकांनी सहलीत पाहिले असेल. नागपूरला मोतीबागेत छोट्या मार्गाच्या खऱ्या गाड्यांचे संग्रहालय आहे. त्या तोडीचे काही पाचोऱ्यात किंवा जामनेरात लगेच व्हावे अशी माझी मागणी नाही. मागणी फार लहान आहे. रेल्वे प्रशासनाने या मार्गावरच्या इमारतींचे जुने नकाशे, असतील तेवढे, रुंदीकरणाच्या गडबडीत रद्दीत न घालता त्यांच्या प्रती इथल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. आणि पाडकाम करण्यापूर्वी मोजणीसाठी दोन दिवस परवानगी द्यावी. इथल्या शाळांतल्या कलाशिक्षकांनी आठवी-नववीची मुले घेऊन काठी-फितीसह यावे. प्रमाण, क्षेत्रफळ, छपराचा कोन हे फळ्यावर शिकवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक भिंत उभी राहते.

दुसरी विनंती आपल्याला आणि आपल्यामार्फत वाचकांना. पीजेची छायाचित्रे पुष्कळांच्या घरी आहेत. लग्नाचे वऱ्हाड, बदली होऊन निघालेले गुरुजी, शेवटच्या दिवसांत हौसेने केलेला प्रवास. पण ही सगळी छायाचित्रे फलाटावरून, नावाच्या पिवळ्या पाटीसमोर उभे राहून काढलेली असतात. परिणामी माझ्याकडे असलेल्या प्रत्येक स्थानकाची पुढची भिंत दगडान्‌दगड तयार आहे आणि मागची कोरी आहे. मागे खिडक्या किती होत्या, पन्हाळ कोणत्या कोपऱ्यात उतरत होती, स्वयंपाकाचा धूर कुठून निघत होता, हे मला कोणत्याच छायाचित्रात सापडलेले नाही. कोणाच्या संग्रहात एखाद्या स्थानकाची मागची बाजू, चुकून का होईना, कडबा वाळत घातलेली, शेळी बांधलेली, अंधुकशी जरी टिपली गेली असेल, तर तिची प्रत आपल्या कार्यालयात पोहोचवावी. मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त आरेखक
पाचोरा, जि. जळगाव